दोन वॅटचा ट्रान्सफॉर्मर-कपल्ड अॅम्प्लिफायर घरी कसा बांधावा

आमच्या गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी वीज असेलच याची खात्री नसते. फवारणीचा हंगाम संपला की बॅटरीवर चालणारे पंप मात्र घरोघरी कोपऱ्यात पडून असतात, आणि त्यांतली १२ व्होल्टची बॅटरी बहुधा चांगली असते. या बॅटरीवर चालणारा, मंदिराच्या ओसरीत किंवा शाळेच्या एका वर्गात स्पष्ट ऐकू येईल असा लहान अॅम्प्लिफायर मी बांधला. त्यात ज्या चुका केल्या त्या इतरांनी पुन्हा करू नयेत, यासाठी ही कृती क्रमाने लिहीत आहे. सोल्डरिंग करता येते, मल्टिमीटर वापरता येतो आणि ट्रान्सिस्टरचे तीन पाय कोणते ते ठाऊक आहे, एवढे मी गृहीत धरले आहे.

एखादी आयसी (अॅम्प्लिफायरची तयार चिप) घेऊन हेच काम कमी खर्चात होते, हे मान्य आहे. तरीही ट्रान्सफॉर्मरचा मार्ग दोन कारणांनी पत्करावा. १२ व्होल्टवर साधी आयसी ८ ओहमच्या स्पीकरला दीड वॅटच्या आसपास अडते, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये वेढ्यांचे प्रमाण बदलून किती वॅट घ्यायचे ते आपण ठरवतो. शिवाय ट्रान्सिस्टर जळून शॉर्ट झाला तरी बॅटरीचा डीसी प्रवाह स्पीकरपर्यंत पोहोचत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर डीसी पलीकडे जाऊ देत नाही.

१. आधी हिशेब

आपण पुश-पुल पद्धतीची रचना घेत आहोत. दोन ट्रान्सिस्टर आळीपाळीने काम करतात. लाटेचा एक अर्धा भाग एक उचलतो, दुसरा अर्धा भाग दुसरा उचलतो, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ते दोन्ही जोडून स्पीकरला देतो. १२ व्होल्टपैकी सुमारे १ व्होल्ट ट्रान्सिस्टरमध्ये आणि एमिटरच्या रेझिस्टरमध्ये खर्च होतो, म्हणून कलेक्टरवर प्रत्यक्षात ११ व्होल्टचा झोका मिळतो असे धरावे. एका कलेक्टरपासून दुसऱ्या कलेक्टरपर्यंतचा रोध १०० ओहम ठेवला, तर पॉवर म्हणजे ११ च्या वर्गाची दुप्पट भागिले १००, अर्थात सुमारे २.४ वॅट. तांब्यातील आणि गाभ्यातील घट वजा जाता स्पीकरला दोन वॅट मिळतात.

स्पीकर ८ ओहमचा आहे. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, आणि त्याचे वर्गमूळ ३.५४. पूर्ण प्रायमरी (ट्रान्सिस्टरकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) यांच्या वेढ्यांचे हेच प्रमाण ठेवायचे. कलेक्टरचा शिखर-प्रवाह ०.४४ अॅम्पिअर येतो, तर पूर्ण आवाजात बॅटरीतून सरासरी ०.२८ अॅम्पिअर जातो. फवारणी पंपाची ८ अॅम्पिअर-तासांची बॅटरी यावर आरामात दिवसभर चालते.

२. लागणारे साहित्य

ट्रान्सिस्टर आणि डायोड: बीडी १३९ (लागतील दोन, पण घ्यावेत सहा), बीसी ५४७ एक, १एन ४००७ एक, १एन ५४०८ एक.
रेझिस्टर: १ ओहम अर्धा वॅट दोन, ६८० ओहम अर्धा वॅट एक, ३३ के (के म्हणजे हजार ओहम), ६.८ के, १८० ओहम, ४७ ओहम, १०० ओहम आणि १० ओहम प्रत्येकी एक. १ के दोन. १०० ओहमचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा, बदलता येणारा रेझिस्टर). १० केचा व्हॉल्यूम कंट्रोल.
कंडेन्सर: १००० मायक्रोफॅरड एक, ४७० चा एक, १०० चे दोन, १० चा एक (सर्व २५ व्होल्टचे), ०.१ मायक्रोफॅरड एक.
इतर: १ अॅम्पिअरचा फ्यूज होल्डरसह, अभ्रकाचे वॉशर, तळहाताएवढी अॅल्युमिनियमची पट्टी, मोबाइलची ऑडिओ पिन, ८ ओहमचा निदान ५ वॅटचा स्पीकर, आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा एक बल्ब. या बल्बचे काम सातव्या पायरीत येईल.

सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. न मिळाल्यास नागपूरला सीताबर्डीत एक चक्कर मारावी. तांब्याच्या तारेसाठी मात्र शहरात जाण्याची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणारे दुकान बाजाराच्या प्रत्येक गावात असते. तेथे २२ आणि २४ गेजची इनॅमल तार, लेदराइड कागद, स्लीव्ह आणि व्हार्निश हे सर्व वजनावर किंवा हातावर मिळते. ३६ गेजची बारीक तार छताचे पंखे भरणाऱ्याकडे मागावी.

३. आउटपुट ट्रान्सफॉर्मर

या अॅम्प्लिफायरचे निम्म्याहून अधिक यश दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे; बाकीचा भाग एका संध्याकाळी जोडून होतो. म्हणून येथे घाई करू नये.

जुन्या बिघडलेल्या बॅटरी एलिमिनेटरमधून किंवा स्टॅबिलायझरमधून असा गाभा काढावा, की ज्याच्या ई-आकाराच्या पत्रीचा मधला पाय २० मिलिमीटर रुंद आहे आणि पत्र्यांची थप्पीही २० मिलिमीटर जाड आहे. पहिली पत्री व्हार्निशने घट्ट बसलेली असते, ती पातळ सुरीने हळू सोडवावी. ती एकदा वाकली की परत बसत नाही. बाकीच्या पत्र्या मग आपोआप सुटतात. सर्व पत्र्या मोजून ठेवाव्यात, कारण शेवटी त्या सगळ्याच परत बसवायच्या आहेत. दोन पत्र्या उरल्या तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणू लागतो.

बॉबिनवर प्रथम प्रायमरी भरायची: २४ गेजच्या दोन तारा एकत्र धरून १०० वेढे. दोन तारा जोडीने गुंडाळल्या की दोन्ही अर्ध्या भागांची लांबी, रोध आणि गाभ्यापासूनचे अंतर सारखे राहते, आणि पुश-पुलमध्ये या सारखेपणालाच सर्वांत जास्त किंमत आहे. प्रत्येक थरानंतर लेदराइडचा किंवा साध्या बटर पेपरचा एक पदर द्यावा. वेढे मोजताना मन भरकटतेच, म्हणून मी समोर ताटलीत तुरीचे दहा दाणे ठेवतो आणि दर दहा वेढ्यांना एक दाणा बाजूला सरकवतो. कोणी हाक मारली तरी हिशेब चुकत नाही.

प्रायमरीवर कागदाचे दोन पदर देऊन त्यावर २२ गेजच्या तारेचे ५७ वेढे भरावेत. ही सेकंडरी.

आता नवखे लोक हमखास चुकतात ती जागा. जोडीने गुंडाळलेल्या दोन तारांची चार टोके बाहेर येतात: तार अ ची सुरुवात आणि शेवट, तार ब ची सुरुवात आणि शेवट. सेंटर टॅप म्हणजे अ चा शेवट आणि ब ची सुरुवात यांचा सांधा. दोन सुरुवाती एकत्र जोडल्या तर दोन्ही भाग एकमेकांचे काम पुसून टाकतात आणि स्पीकरमधून जेमतेम कुजबुज ऐकू येते. सुरुवातीच्या टोकांना गुंडाळण्यापूर्वीच रंगीत स्लीव्ह घालून ठेवावी. नंतर दोन्ही तारा सारख्याच दिसतात, आणि कोणती कोणाची हे मल्टिमीटरने शोधत बसावे लागते.

गाभा बसवताना ई-पत्र्या एक उजवीकडून, एक डावीकडून अशा आळीपाळीने घालाव्यात आणि फटीत आय-पत्र्या भराव्यात. येथे दोन्ही ट्रान्सिस्टरांचा डीसी प्रवाह सेंटर टॅपपासून उलट दिशांना जातो, त्यामुळे त्यांचे चुंबकत्व एकमेकांना खोडते. गाभ्यात फट ठेवण्याची गरज नाही. उलट फट जितकी कमी, तितका खालच्या पट्टीचा आवाज चांगला.

जोडण्यापूर्वी तपासणी करावी. ६ व्होल्ट एसी देणारा एखादा लहान ट्रान्सफॉर्मर असल्यास त्याचे ६ व्होल्ट प्रायमरीच्या एकाच अर्ध्या भागाला द्यावेत. दोन्ही बाहेरच्या टोकांमध्ये १२ व्होल्ट दिसले तर सांधा बरोबर आहे. शून्याजवळ दिसले तर चूक. सेकंडरीवर ३.४ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. सर्व ठीक असल्यावरच व्हार्निशमध्ये बुडवून उन्हात वाळवावे. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हाला भट्टीची गरज पडत नाही.

४. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर

हा ड्रायव्हर ट्रान्सिस्टरचा (बीसी ५४७) संकेत आउटपुटच्या दोन ट्रान्सिस्टरांना आळीपाळीने वाटून देतो, आणि आकाराने लहान असतो. मधला पाय १६ मिलिमीटर, थप्पी १६ मिलिमीटर. ३६ गेजच्या तारेचे १००० वेढे प्रायमरीला, आणि त्यावर दोन तारा जोडीने धरून ३३० वेढे सेकंडरीला. सेंटर टॅपचा नियम वर सांगितलेलाच. ही तार केसासारखी तुटते. टोकांना जाड लवचीक वायर जोडून तो सांधा बॉबिनच्या आतच कागदाखाली दाबून टाकावा. बाहेर ठेवलेला सांधा पहिल्याच ओढीला निसटतो.

फरक आहे तो गाभ्यात. या प्रायमरीतून ड्रायव्हर ट्रान्सिस्टरचा सुमारे ६ मिलिअॅम्पिअर डीसी प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो, आणि त्याला खोडणारे दुसरे काही नसते. म्हणून येथे सर्व ई-पत्र्या एकाच बाजूने घालाव्यात, सर्व आय-पत्र्यांची थप्पी दुसऱ्या बाजूने टेकवावी आणि वरून पट्टीने घट्ट आवळावे. सांध्यात आपोआप राहते तेवढीच फट पुरेशी आहे. कागद घालू नये. मोटार रिवाइंडिंगच्या सवयीचा माणूस मदतीला असेल तर तो सरावाने दोन्ही गाभे आळीपाळीने भरून देतो. माझ्या पहिल्या खेपेस तसेच झाले आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येत राहिला.

५. आउटपुटचे ट्रान्सिस्टर

बीडी १३९ छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला असता डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम असतो. सहा ट्रान्सिस्टरांचा एचएफई (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) मल्टिमीटरवर मोजून त्यांतील जवळात जवळची जोडी निवडावी. मला एका दुकानातून मिळालेल्या दहांपैकी तीन नुसते छाप मारलेले निघाले, तेव्हा मोजण्याचा कंटाळा करू नये.

दोन्ही एमिटर १-१ ओहममधून निगेटिव्हला जोडावेत. दोन्ही कलेक्टर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या दोन टोकांना आणि सेंटर टॅप पॉझिटिव्हला. दोन्ही बेस ड्रायव्हर सेकंडरीच्या दोन टोकांना जोडावेत. ड्रायव्हरचा सेंटर टॅप प्रीसेटच्या मधल्या पायाला जातो. पॉझिटिव्हपासून ६८० ओहम, त्याच्या खाली १एन ४००७ डायोड (पट्टी असलेले टोक निगेटिव्हला) आणि डायोडच्या दोन टोकांमध्ये प्रीसेटचे बाहेरचे दोन पाय, असा हा बायसचा भाग आहे; बायस म्हणजे संकेत नसतानाही ट्रान्सिस्टर किंचित चालू ठेवणारे व्होल्टेज. सेंटर टॅप आणि निगेटिव्ह यांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर लावावा.

डायोड शोभेसाठी नाही. सिलिकॉन ट्रान्सिस्टरला लागणारे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. डिसेंबरच्या पहाटे लावलेला बायस मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तसाच राहिला, तर ट्रान्सिस्टर गरजेच्या कितीतरी पट प्रवाह ओढू लागतो, त्याने आणखी तापतो आणि मग आणखी ओढतो. डायोडही त्याच पट्टीला चिकटवलेला असला की तो बरोबरीने तापतो आणि बायस खाली आणतो. म्हणून डायोड दोन ट्रान्सिस्टरांच्या मध्ये पट्टीला टेकवून बसवावा. त्याचे पाय मात्र पट्टीला लागू देऊ नयेत. जुन्या रेडिओतील एसी १२८ वापरण्याचा सल्ला कोणी जाणता मेकॅनिक प्रेमाने देईल. तो जर्मेनियमचा आहे, आणि त्याची गळती साधारणपणे दर दहा अंशांना दुप्पट होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो मोह टाळावा.

बीडी १३९ ची मागची धातूची बाजू कलेक्टरला जोडलेली असते. दोन्ही ट्रान्सिस्टर एकाच पट्टीवर अभ्रकाशिवाय कसले, तर दोन्ही कलेक्टर एकमेकांना मिळतात. मी हेच केले होते. फ्यूज उडत नाही, मोजमापे बरोबर दिसतात, फक्त आवाज येत नाही आणि गाणे लावले की पट्टी तापते. ट्रान्सफॉर्मरवर संशय घेऊन मी तो उकलला आणि संबंध संध्याकाळ वाया घालवली. कसून झाल्यावर दोन्ही कलेक्टर ट्रान्सफॉर्मरला जोडण्यापूर्वी पट्टी आणि प्रत्येक कलेक्टर यांच्यात मल्टिमीटरची बीप वाजत नाही हे पाहावे.

६. ड्रायव्हर आणि इनपुट

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरल्यास डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर ड्रायव्हर प्रायमरीच्या एका टोकाला; प्रायमरीचे दुसरे टोक १०० ओहममधून पॉझिटिव्हला, आणि त्या टोकापासून निगेटिव्हला ४७० मायक्रोफॅरड. हे १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड वगळले, तर बॅटरी उतरू लागताच बुलेट चालू केल्यासारखा फट-फट आवाज सुरू होतो. बेसला त्याच टोकापासून ३३ के आणि निगेटिव्हपासून ६.८ के. एमिटरला ४७ ओहम, त्यापुढे १८० ओहम निगेटिव्हपर्यंत, आणि फक्त १८० ओहमवर १०० मायक्रोफॅरड. ४७ ओहम मोकळा ठेवल्याने आवाजाची वाढ थोडी कमी होते, पण विकृती बरीच घटते. मोबाइलमधून येणारा संकेत एवढ्यावर पुरेसा आहे.

मोबाइलच्या डाव्या आणि उजव्या वाहिन्या थेट एकत्र करू नयेत. प्रत्येकीला १ के लावून मग जोडाव्यात. तेथून व्हॉल्यूम कंट्रोल, आणि त्याच्या मधल्या पायापासून १० मायक्रोफॅरडमधून बेस. कंडेन्सरची अधिक बाजू बेसकडे ठेवावी. सेकंडरीवर, स्पीकरला समांतर, १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकामागोमाग जोडावेत.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून बोटभर अंतरावरच फ्यूज असावा. ही बॅटरी लहान दिसली तरी शॉर्ट झाल्यास वायर लाल करते. फ्यूजनंतर १००० मायक्रोफॅरड, आणि १एन ५४०८ उलटा जोडावा, म्हणजे पट्टीचे टोक पॉझिटिव्हला. घाईत कोणी बॅटरी उलटी लावली तर फक्त फ्यूज जाईल.

७. पहिल्यांदा सप्लाय देणे

स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये. भार नसताना मोठा आवाज दिला तर ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर व्होल्टेज उसळते आणि ट्रान्सिस्टर जातो.

व्हॉल्यूम शून्यावर आणि प्रीसेट निगेटिव्हच्या टोकाला न्यावा. पॉझिटिव्ह तारेत इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये लावून बॅटरी जोडावी. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटून राहिला तर लगेच काढावे. कोठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने आपला ट्रान्सिस्टर वाचवला आहे.

बीसी ५४७ च्या एमिटरवर सव्वा व्होल्टच्या आसपास आणि कलेक्टरवर ११ व्होल्टच्या जवळ दिसायला हवेत. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एका १ ओहमच्या दोन टोकांना लावावा आणि प्रीसेट अगदी हळू फिरवावा. १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितकेच मिलिअॅम्पिअर. ८ ते १० वर थांबावे. दुसऱ्या रेझिस्टरवरही जवळपास तेवढेच यावे. एकावर १० आणि दुसऱ्यावर ३ असेल तर जोडी जमलेली नाही. बल्ब काढून पुन्हा मोजावे, गाणे लावून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा १५ च्या वर चढत असेल तर डायोड पट्टीला नीट टेकलेला नाही.

८. बिघाड कसा ओळखावा

हळू आवाजात शब्द फाटतात पण मोठ्या आवाजात बरे वाटते, तर बायस कमी आहे. प्रीसेट किंचित वाढवावा. आवाज अगदी क्षीण असेल आणि वाढवला की ट्रान्सिस्टर तापत असतील, तर दोन्हींपैकी एका ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप चुकला आहे. नुसता खरखराट असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलची निगेटिव्ह तार तपासावी.

गुणगुण येत असेल तर आधी आजूबाजूला पाहावे. अॅम्प्लिफायर बॅटरीवर असल्याने ती आतून येण्याचे कारण नाही; पण शेजारी कूलर किंवा इन्व्हर्टर असेल, तर ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर त्यांचे चुंबकत्व पकडतो. दोन फूट सरकवून पाहावे. आपल्या दोन ट्रान्सफॉर्मरांचे गाभेही एकमेकांशी काटकोनात बसवावेत, नाहीतर आउटपुटचा संकेत मागे ड्रायव्हरमध्ये शिरून शिट्टी वाजते.

सेकंदाला एक याप्रमाणे टिक-टिक ऐकू येत असेल तर ती झटका मशीनची आहे. वावराच्या कुंपणावर रानडुकरांसाठी लावलेले हे यंत्र साधारण दर सेकंदाला एक झटका सोडते, आणि त्याच बॅटरीवर अॅम्प्लिफायर जोडला की प्रत्येक झटका स्पीकरमध्ये उमटतो. त्या बॅटरीवरून कुंपण चालू असताना अॅम्प्लिफायर लावू नये. टिक-टिक तर येतेच, पण कुंपणाच्या तारेशी आपल्या सर्किटचा संबंध जोडणे धोक्याचेही आहे.

माइक लावायचा असल्यास तो थेट चालणार नाही. त्याचा संकेत काही मिलिव्होल्टच असतो, आणि त्यासाठी आणखी एका बीसी ५४७ ची पायरी व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी जोडावी लागते. ती जोडल्यावर माइकची तार जाळीची घ्यावी आणि माइक स्पीकरच्या मागे धरावा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. आमच्या ओसरीत खंजिरी वाजवणारे स्पीकरसमोरच बसत असत. त्यांना पलीकडच्या खांबाशी बसवल्यावर शिट्टी थांबली.